मैत्रीण मनाने चांगली आहे, पण तिच्या सवयींचा वैताग येतो. मैत्री ठेवावी का?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजपासूनची मैत्रीण आहे, मनाने चांगली आहे, पण कधीच वेळेवर येत नाही, तुम्ही बोलत असताना मध्येच स्वतःचं सुरू करते आणि हॉटेलचे पैसे मागितल्याशिवाय देत नाही. मैत्री ठेवा, असंच मी सांगेन. फक्त या तिन्ही गोष्टी एका माळेत ओवू नका.

माझी एक ट्रेकमधली मैत्रीण अशीच आहे. आम्हा कल्याण-डोंबिवलीकडच्यांना खिरेश्वरमार्गे हरिश्चंद्रगडावर जायचं तर कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारी एसटी धरायची आणि खुबी फाट्याला उतरायचं. पहाटेची गाडी चुकली की पुढचं सगळंच घसरतं. फाट्यापासून धरणाच्या कडेने खिरेश्वरपर्यंत चालायचं, मग टोलार खिंड, आणि खिंडीच्या वरचा कातळटप्पा नेमका उन्हाच्या तडाख्यात चढायचा. हे सगळं ठाऊक असूनही ती उशिराच येते. फोन केला की म्हणते, "निघालेच!" आणि तिला ते मनापासून खरं वाटत असतं.

तिला आपली किंमतच नाही, असं तेव्हा वाटतं. मला ते पटत नाही. मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, किती दिवसांत पूर्ण कराल? सरासरी अंदाज आला सुमारे ३४ दिवसांचा. सगळं बिघडत गेलं तर किती लागतील, यावर त्यांनी सुमारे ४९ दिवस सांगितले. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवस लागले. वेळेचा अंदाज चुकणं इतकं सार्वत्रिक आहे, काहींच्या बाबतीत ते रोजचं असतं इतकंच. त्याचा अर्थ आपण मुकाट्याने वाट बघत बसावं असा नाही. आमच्या ग्रुपमध्ये ठरलंय की गाडी आली की चढायचं. राहिलेली व्यक्ती मागच्या एसटीने येते, कुणी तोंड वाकडं करत नाही, कुणी टोमणा मारत नाही. सहाला भेटायचं असताना तिला पाच सांगण्याची युक्ती काही जण सुचवतात. मला ती अजिबात आवडत नाही. एकदा कळलं की ती आपल्या कुठल्याच वेळेवर विश्वास ठेवणार नाही.

आता मी ही मैत्री इतकी जपते का, ते सांगते. गड उतरताना एका नवख्या मुलीचा गुडघा धरला. बाकीच्यांना परतीची गाडी दिसत होती, सगळे भराभर पुढे गेले. हिने त्या मुलीची सॅक स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि पार खाली खिरेश्वरपर्यंत तिच्याच चालीने, गप्पा मारत उतरली. ज्या स्वभावामुळे ती घरून वेळेत निघत नाही, तोच हा स्वभाव. समोर जे माणूस असेल, जे काम असेल, त्यातून तिचा पाय निघत नाही. उशीर नको आणि हे मात्र हवं, असं वेगवेगळं करून मला घेता येत नाही. तुमच्या मैत्रिणीतही असं काही आहे का, शोधा. "मनाने चांगली आहे" असं तुम्ही उगाच लिहिलं नसणार.

मध्ये बोलण्याबद्दल तिला सरळ सांगा, पण दोघीच असताना. चार जणींसमोर किंवा व्हॉट्सॲपवर नको. "थांब गं, माझं पूर्ण होऊ दे, मग तुझं ऐकते," एवढं पुरे. हे पुन्हा पुन्हा सांगावं लागेल. सवय एका वाक्याने जात नाही.

एक गोष्ट मात्र सवयीत मोजू नका. विश्वासाने सांगितलेलं ती बाहेर बोलत असेल, किंवा लोकांसमोर तुमचा अपमान करून "मस्करी केली" म्हणत असेल, तर तिथे जुळवून घेत बसू नये. तुमच्या प्रश्नात तसं काही दिसत नाही, म्हणूनच इतक्या ठामपणे ठेवा म्हणतेय.

राहिले पैसे. ते मनात साठवत गेलात तर उशिरापेक्षा जास्त कडवटपणा येईल, कारण प्रत्येक भेटीत तुमचा हिशेब आतल्या आत चालू राहणार. आम्ही निघायच्या आधीच कॉन्ट्री काढतो, एकीकडे जमा करतो आणि उरलेले परतीच्या गाडीतच वाटून टाकतो. तुम्ही दोघीच असाल तर बिल आल्यावर टेबलावरच अर्धे-अर्धे यूपीआय करा. मागची बाकी असेल तर आजच आकडा सांगून मागा: "मागच्या वेळचे तुझे साडेतीनशे राहिलेत, पाठव ना." लाजू नका, आणि स्पष्टीकरणही देत बसू नका.