हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी

डोंबिवलीहून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून कोथरूडला फ्लॅट घेतला आणि २०१९ मध्ये ते मृत्युपत्र न करता गेले. सोसायटीत नॉमिनी म्हणून आईचं नाव आहे. फ्लॅटमध्ये भाऊ कुटुंबासह राहतो. ७६ वर्षांच्या आईंना पार्किन्सन्स असून तीन वर्षांपासून त्या लेकीकडे आहेत. ब्यूरोची आया, औषधं, फिजिओथेरपी मिळून महिन्याला ३८ हजार जातात. भावाचं म्हणणं असं, की तू आणि आई हक्कसोडपत्र, म्हणजे फ्लॅटमधला आपापला वाटा माझ्यासाठी सोडल्याचा दस्त, करून द्या, मग आईचा खर्च माझा. ताई विचारतात, सही करू का? आणि आजवर केलेला खर्च परत मिळेल का?

ताई, सही करू नका. निदान या स्वरूपात तर नाहीच. हक्कसोडपत्राची नोंदणी झाली की तुमचा आणि आईचा वाटा त्याच दिवशी जातो. भावाचा शब्द मात्र तोंडीच राहतो.

आधी फ्लॅट कोणाचा ते बघू. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी नॉमिनीला तात्पुरतं सदस्य करून घेते, वारसांचा हक्क त्यानं संपत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यानं आई, भाऊ आणि तुम्ही तिघंही सारखे वारस, प्रत्येकी एक तृतीयांश. तुमचं लग्न झालं आहे यानं काही बदलत नाही. जबाबदारीचंही तसंच: विवाहित मुलीवरही आईवडिलांच्या पोषणाची जबाबदारी आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८७ सालीच सांगितलं आहे. म्हणजे खर्च तुम्हां दोघांचा आहे, आणि तुम्ही हक्क सोडला तरच तो भावावर येतो असं नाही. आजही आहे.

पण माझ्या मते या सगळ्यात खरा प्रश्न कोणी विचारलेलाच नाही. आईचा एक तृतीयांश वाटा ही आईची स्वतःची मिळकत आहे. तिच्या आजारपणाचा पैसा तिथे अडकून पडला आहे, आणि तुम्ही दोघं तो मुलांमध्ये कसा वाटायचा यावर बोलताय. भावाला फ्लॅट हवा असेल तर त्यानं आईचा आणि तुमचा वाटा बाजारभावानं विकत घ्यावा. एकरकमी जमत नसेल तर नोंदणीकृत कौटुंबिक समझोता करून हप्ते बांधून घ्या. आईच्या वाट्याचे पैसे थेट तिच्या खात्यात यावेत, आणि हप्ते पूर्ण होईपर्यंत तिचा हक्क कायम राहील असं स्पष्ट लिहा.

आई मायेपोटी वाटा सोडायला तयार असेलच, तर सांभाळ करण्याची अट त्याच दस्तात हवी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार अट मोडल्यास असा दस्त न्यायाधिकरण रद्द करू शकतं. मात्र २०२२ मध्ये हक्कसोडपत्राच्याच एका प्रकरणात अट सिद्ध न झाल्यानं सर्वोच्च न्यायालयात आईच्या विरोधात निकाल गेला. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या एका आईला तिची मिळकत परत मिळाली, कारण मुलानं सांभाळण्याचं लेखी दिलेलं होतं. आणि ही तरतूद ज्येष्ठ नागरिकासाठी आहे. तुम्ही सोडलेला वाटा या तरतुदीनं परत येणार नाही.

भाऊ काहीच करायला तयार नसेल तर याच कायद्याखाली आई प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे पोषणखर्चासाठी अर्ज करू शकते, तोही ती राहते तिथे. वकील लागत नाही. तिला जमत नसेल तर तिनं अधिकार दिलेली व्यक्ती अर्ज करते. पण तिथली कमाल मर्यादा महिना १० हजार आहे, तुमच्या ३८ हजारांपुढे ती तोकडी पडते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पोटगी मागितली तर, अशी मर्यादा नाही. मात्र दोन्हीपैकी एकच मार्ग निवडावा लागतो.

तीन वर्षांच्या खर्चाबद्दल मला वाईट बातमीच द्यावी लागते आहे. आपण होऊन केलेला खर्च भावाकडून वसूल करणं फार कठीण. रात्री चार चारदा उठून आईला कूस बदलून देण्याची किंमत आपला कायदा मोजत नाही, आणि हे मला दर वेळी खुपतं. तरी पावत्या जपा, आयेचा पगार बँकेतून द्या. समझोत्याच्या बैठकीत त्या कामी येतात. आईला वाटलं तर ती मृत्युपत्रानं आपला वाटा तुम्हाला देऊ शकते. त्या वेळी तुम्ही खोलीत थांबू नका. ज्याला लाभ होणार त्यानंच पुढाकार घेतला तर न्यायालय मृत्युपत्राकडे संशयानं बघतं. साक्षीदार दोन असावेत, बाहेरचे, आणि त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला घ्या. पार्किन्सन्समध्ये सही बारीक आणि थरथरती होते, बँकेतल्या जुन्या सहीशी जुळत नाही, आणि नेमकं तेच पुढे कोर्टात उगाळलं जातं. त्यामुळे सहीसोबत अंगठाही घ्या. तिला प्रवास झेपत नसेल तर दुय्यम निबंधक नोंदणीसाठी घरी येऊ शकतात.

मात्र आत्ताच तुमच्या नावे बक्षीसपत्र करून घेऊ नका. पुढची दहा वर्षं तिला सांभाळायला लागणारा पैसा तिच्याच नावावर असू दे.

मुखत्यारपत्रावरही विसंबू नका. आईची निर्णयशक्ती गेली की ते संपतं. मग तिच्या वाट्याचा व्यवहार करायचा तर पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. सध्या तिला सगळं समजतं असं तुम्ही लिहिलं आहे. पुढच्या वर्षी ते तसंच राहील याची खात्री डॉक्टरही देणार नाहीत, म्हणून पुढची बैठक याच महिन्यात घ्या. औषध लागू पडल्यावर तिला नीट बोलता येतं तो तास निवडा, भावालाही बोलवा, आणि आधी तिलाच विचारा की तिला काय हवं आहे.