दत्तकाचा अर्ज कोर्टात की कलेक्टरकडे? एका मावशीची गोष्ट

"मॅडम, वकिलांनी जिल्हा कोर्टात अर्ज टाकलाय, दोन तारखाही झाल्या. आता म्हणतात तो मागे घ्या आणि कलेक्टर ऑफिसला जा. म्हणजे आमचं सगळं चुकलंच का?"

सातारा जिल्ह्यातल्या एका मावशीचा हा प्रश्न. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. बहीण आणि मेहुणे एका अपघातात गेले. त्यांची सात वर्षांची मुलगी आजीकडे, म्हणजे आईच्या आईकडे राहिली आणि आता आजीसकट मावशीच्या घरी आहे. मावशी आणि तिच्या नवऱ्याला ती कायदेशीर दत्तक घ्यायची आहे. त्यांना स्वतःची एक मुलगी आहे. सगळी मेख या शेवटच्या वाक्यात होती आणि अर्जात नेमकं तेच कुणी पाहिलं नव्हतं.

दत्तकाच्या बाबतीत पहिला प्रश्न "कोणतं कोर्ट" हा नसतो, "कोणता कायदा" हा असतो. कायदा ठरला की दार आपोआप ठरतं.

वकिलांनी हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, 1956 धरला होता. या कायद्यात जन्मदाते आईवडील स्वतः मूल देत असतील तर कोर्टाची परवानगी लागतच नाही. मूल प्रत्यक्ष देणं-घेणं व्हावं लागतं आणि दोन्ही बाजूंच्या सह्यांचं दत्तकपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं, तर दत्तक कायदेशीर झालं असं कोर्ट गृहीत धरतं. आईवडील हयात नसतील तर मात्र मूल सांभाळणाऱ्या पालकाला ते देण्याआधी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. हे कोर्ट म्हणजे मूल नेहमी राहतं तिथलं जिल्हा न्यायालय किंवा शहर दिवाणी न्यायालय. घेणाऱ्यांचं गाव कुठलं, वकील कुठे बसतात, याला इथे महत्त्व नाही.

म्हणजे कोर्ट बरोबर होतं. पण याच कायद्याच्या कलम 11 नुसार, घरात मुलगी किंवा मुलाची मुलगी हयात असेल तर आणखी मुलगी दत्तक घेता येत नाही. मुलाच्या बाबतीतही तसंच, तिथे मुलगा, नातू, पणतू पाहतात. मावशीच्या रेशनकार्डावर तिच्या मुलीचं नाव ठळक दिसत होतं. परवानगी मिळून दत्तकविधान झालं असतं, तरी ते मुळातच रद्दबातल ठरलं असतं. वारसाच्या वादात पंधरा-वीस वर्षांनी हे उघड झालं असतं, तेव्हा भोगलं असतं त्या पोरीने. म्हणून दुसऱ्या तारखेला अडलं, याचं आम्हाला मनापासून बरं वाटलं.

दुसरा रस्ता बाल न्याय अधिनियम, 2015 चा. तो कोणत्याही धर्माच्या कुटुंबाला खुला आहे आणि पोटची मुलगी असणं त्यात आड येत नाही. काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा हे त्यात 'नातेवाईक' म्हणून मोजले जातात. पूर्वी इथेही आदेश कोर्टाचाच असे. 2021 च्या दुरुस्तीनंतर, 1 सप्टेंबर 2022 पासून हा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे आला. अपर जिल्हादंडाधिकारीही त्यात येतात. ओळखीत कुणाकडे कोर्टाचा आदेश असेल तर तो बहुधा त्याआधीचा. आधीच दाखल असलेली प्रकरणं कोर्टातून हलवायला मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये अंतरिम मनाई केली होती, म्हणून काहींना त्यानंतरही कोर्टाचे आदेश मिळाले.

"कलेक्टरच्या कागदाला कोर्टाच्या हुकमाची किंमत येईल का?" हा मावशीच्या नवऱ्याचा प्रश्न. येते. त्या आदेशाच्या तारखेपासून मूल सर्व बाबतींत दत्तक आईवडिलांचं होतं. आदेश मान्य नसेल तर 30 दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं.

अर्ज मात्र थेट कलेक्टरच्या टेबलावर नेऊन ठेवायचा नसतो. आधी 'केअरिंग्स' या दत्तकासाठीच्या सरकारी पोर्टलवर नातेवाईक-दत्तक म्हणून नोंदणी, मग जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत प्रकरण. आईवडील नसल्यामुळे मूल देणाऱ्या पालकाला, इथे आजीला, बाल कल्याण समितीची परवानगी लागते. मावशी आणि तिच्या नवऱ्याचं नातं, उत्पन्न आणि सामाजिक स्थिती सांगणारं प्रतिज्ञापत्र लागतं. आणि मूल पाच वर्षांचं किंवा मोठं असेल तर त्याची स्वतःची संमती लागते.

फाईल अडली ती नात्याच्या पुराव्यावर. बहिणीच्या मृत्यू दाखल्यावर सासरचं नाव, मावशीच्या आधारवर तिचं सासरचं नाव. दोघी सख्ख्या बहिणी आहेत हे कुठल्याच कागदावरून दिसेना. शेवटी दोघींचे शाळा सोडल्याचे दाखले काढले; त्यांवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव एकच होतं. मावशीकडून दत्तक असेल तर हे दोन दाखले पहिल्याच दिवशी शोधायला घ्या. मुलीच्या काकांची संमती कायद्याने मागितलेली नाही, तरी त्यांचं म्हणणं समितीपुढे लेखी येऊ द्यावं. नंतरची हरकत त्यातून बरीचशी टळते.

संमतीच्या वेळी मुलीने एकच विचारलं, "आईचा फोटो भिंतीवर राहील ना?" मावशीने तिच्यासमोर हो म्हटल्यावरच ती पुढे बोलली. ही भीती मुलांना असतेच. तिच्यावर आधी बोलून घ्या, सहीचा कागद नंतर पुढे करा.

सुनावणी बंद दाराआड होते आणि अर्ज दाखल झाल्यापासून दोन महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा सांगतो. कागद अपुरे असतील तर वेळ जातो तो अर्ज दाखल होण्याआधीच.

एक कळकळीची सूचना. दवाखान्यातून किंवा मध्यस्थामार्फत बाळ घेऊन स्टॅम्पपेपरवर नोटरी करायची, याला कोणतंच कोर्ट दत्तक मानत नाही. अनाथ, टाकून दिलेलं किंवा आईवडिलांनी बाल कल्याण समितीकडे सोपवलेलं मूल असं परस्पर घेणं हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पैसे देऊन घेतलं असेल तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि दंड.

मावशीचा शेवटचा प्रश्न मेहुण्यांनी पोरीच्या नावे करून ठेवलेल्या जमिनीचा होता. दत्तकामुळे ती जात नाही. आदेशाआधी मुलीची असलेली मालमत्ता तिचीच राहते. तिच्या शिक्षणासाठी कधी विकायची वेळ आली, तर मात्र कोर्टाची पायरी चढावी लागेल. अज्ञान मुलाची स्थावर मिळकत विकायला न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते आणि तो अर्ज जमीन ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या न्यायालयात करायचा असतो.