प्रेरणादायी पुस्तक नेमके कोणी वाचावे?

प्रश्न : झाँ-दोमिनिक बोबी या फ्रेंच पत्रकाराने केवळ डाव्या डोळ्याच्या पापणीने सांगून लिहून घेतलेले आत्मकथन मी इंग्रजीतून वाचले आणि अक्षरशः भारावून गेले. गेल्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या दिरांची उजवी बाजू अर्धांगवायूने लुळी पडली आणि वाचाही गेली. त्यांना उभारी यावी म्हणून हे पुस्तक वाचून दाखवावे, असे मला वाटते. जाऊबाईंना मात्र ते पसंत नाही. आपले मत काय? – एक वाचक, सातारा

उत्तर : जाऊबाईंचे म्हणणे मला, निदान सध्यापुरते तरी, रास्त वाटते. पुस्तकाच्या थोरवीविषयी आपले दुमत नाही. ‘एल’ मासिकाचे संपादक असलेल्या बोबींना ८ डिसेंबर १९९५ रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी, मस्तिष्कस्तंभात (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागात) पक्षाघाताचा झटका आला आणि डावी पापणी व मानेची किंचित हालचाल वगळता सारे शरीर निश्चल झाले. बुद्धी, स्मृती आणि भाषा मात्र शाबूत राहिली. तुमच्या दिरांची स्थिती बहुधा वेगळी असावी. उजव्या अंगाबरोबर वाचा जाते, तेव्हा पुष्कळदा मेंदूच्या डाव्या भागातील भाषेच्या केंद्रांनाच इजा झालेली असते. त्यामुळे बोलणेच नव्हे, तर शब्द आठवणे, वाचणे आणि ऐकलेले समजणेही कमीअधिक अवघड होते. अशा माणसापुढे दीर्घ वाचन म्हणजे शब्दांचा मारा ठरू शकतो, आणि ‘पाहा, त्यांनी तर पापणीने पुस्तक लिहिले’ ही तुलना, ती कितीही प्रेमाने केलेली असो, त्यांना जाचण्याचाच संभव अधिक.

त्यातही, हे पुस्तक एकट्याच्या जिद्दीची कथा म्हणून वाचले जाते, ते मला अपुरे वाटते. फ्रेंच भाषेतील वापराच्या प्रमाणानुसार लावलेली अक्षरे – ई, एस, ए, आर अशा क्रमाने – समोरच्याने उच्चारायची, हव्या त्या अक्षराला बोबींनी पापणी मिटायची, की ते अक्षर लिहून घ्यायचे. रोज सकाळी मनातल्या मनात घोळवून पाठ केलेला मजकूर क्लोद मांदिबील यांनी १९९६ च्या उन्हाळ्यात असा टिपून घेतला. पुस्तक मार्च १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि दोनच दिवसांनी बोबी गेले. वर्णमालेवरच्या छोट्या प्रकरणात त्यांनी भेटायला येणाऱ्यांच्या तऱ्हा मिस्कीलपणे नोंदवल्या आहेत : कोणी शब्द पुरा होण्याआधीच तर्क लढवतो, तर कोणी इतका काटेकोर, की उघड दिसणारा शब्दही स्वतः पुरा करत नाही. दुसऱ्या एका ठिकाणी, रंगात आलेला फुटबॉलचा सामना मध्यंतरातच बंद करून शुभरात्री म्हणत निघून जाणारा कर्मचारी भेटतो. मला तर हे प्रसंग पापणीच्या पराक्रमाहूनही अधिक बोलके वाटतात, कारण ते रुग्णाविषयी जितके सांगतात, तितकेच त्याच्या भोवतालच्या माणसांविषयी सांगतात.

म्हणून पुस्तक दिरांना वाचून दाखवण्याऐवजी त्यांच्याजवळ बसणाऱ्या प्रत्येकाने वाचावे, असे मी सुचवेन. त्याच वेळी वाचा-उपचारतज्ज्ञांकडून दिरांना कितपत समजते, चित्रे ओळखता येतात का, हो-नाही खात्रीने दाखवता येते का, हे तपासून घ्या. भाषा शाबूत असल्याचे दिसले, तर आपल्या वर्णमालेची मांडणी फार सोयीची आहे : आधी क-वर्ग, च-वर्ग असे वर्ग विचारावेत, होकार मिळालेल्या वर्गातली पाच अक्षरे म्हणावीत आणि मग स्वरचिन्ह विचारावे. भाषेलाच इजा असेल, तर अक्षरफलकाचा हट्ट न धरता पाणी, चहा, रेडिओ, नातवंडे अशा रोजच्या गोष्टींच्या चित्रांपासून आरंभ करावा, एका वेळी एकच प्रश्न विचारावा आणि उत्तराची वाट पाहताना आपणच वाक्य पुरे करण्याचा मोह आवरावा. पुढे दिरांना ऐकण्यात गोडी वाटू लागली, तर पुस्तक निवडण्याचा अधिकार त्यांचा; कदाचित ते क्रिकेटचे समालोचनच पसंत करतील.