‘मुलाच्या पेशी’ म्हणजे कुणाच्या?

परळहून एका ताईंनी व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मजकूर पाठवलाय. बाळंतपणानंतरही बाळाच्या पेशी आईच्या अंगात राहतात, असा विषय. त्यात याला ‘भ्रूणसंकर’ म्हटलंय, तो शब्द बरोबर आहे का, हा त्यांचा प्रश्न. शिवाय ‘मुलाच्या पेशी आईच्या मेंदूत सापडल्या’ हे वाचून सासूबाई विचारतायत, “मुलींच्या नाही का गं राहत?”

सासूबाईंचं आधी घेऊ, खरी गोम तिथेच आहे. ‘मूल’ आणि ‘मुलगा’, दोन्हींचं सामान्यरूप ‘मुला-’. ‘मुलग्याच्या’ असं रूप आहे, पण तोंडात ‘मुलाच्या’च बसलंय. त्यात भर प्रयोगांची. वाय गुणसूत्र पुरुषांच्या पेशींत असतं, बाईच्या पेशींत सहसा नसतंच. सापडलं की ते बाहेरून आलंय हे चटकन कळतं. म्हणून संशोधकांनी तेच शोधलं. १९९६ मध्ये डायना बियांकी आणि सहकाऱ्यांना बाळंतपणानंतर तब्बल २७ वर्षांनी आईच्या रक्तात अशा पेशी मिळाल्या. २०१२ च्या एका अभ्यासात मृत्यूनंतर तपासलेल्या ५९ स्त्रियांपैकी ३७ जणींच्या मेंदूत पुरुषी डीएनए आढळला. मुलींच्या पेशीही राहतात, पण आई आणि लेक दोघींची गुणसूत्रं एक्स-एक्सच, त्यामुळे त्या वेगळ्या ओळखणं जिकिरीचं. तेव्हा सासूबाईंची शंका रास्त आहे, मजकुराची भाषा ढिली आहे.

‘बाळाच्या पेशी’ लिहावं का? घरात बोलताना चालेल. पण या पेशी गर्भारपणातच वारेतून आईच्या रक्तात उतरतात, आणि गर्भ पडला तरी मागे राहू शकतात. तिथे बाळ कुठलं? ‘गर्भपेशी’ सगळीकडे बसतो. ‘भ्रूण’ हा काटेकोरपणे पहिल्या आठेक आठवड्यांपुरता.

आता ‘संकर’. तो नकोच. संकरात दोघांचा वारसा प्रत्येक पेशीत एकत्र येतो. खेचराची कुठलीही पेशी घ्या, घोडी आणि गाढव दोन्ही तिच्यात. मूळ संज्ञा आहे मायक्रोकायमेरिझम, ग्रीक पुराणातल्या सिंह-बोकड-सापाच्या कायमेरावरून. तिथे घटक शेजारी नांदतात, एकमेकांत विरघळत नाहीत. हापूसच्या कलमासारखं: सालीला साल जुळते, पण खालच्या रायवळ खुंटाला फूट आली तर ती रायवळच. (‘संकर’ शब्दाला ‘वर्णसंकर’चा जो वास येतो, तो मला आईबाळाच्या जवळपासही नकोय.)

चाळीत वाढल्यामुळे मला ‘पोटभाडेकरू’ सुचला होता. मोह झाला, पण शास्त्रीय लेखात शोभणार नाही. मी ‘गर्भपेशी-वास्तव्य’ सुचवेन; पहिल्या उल्लेखात सोबत मायक्रोकायमेरिझम द्यावं. आईच्या पेशीही अपत्याच्या शरीरात वर्षानुवर्षं राहतात, त्याला ‘मातृपेशी-वास्तव्य’. जोडी जमते.

जाता जाता: त्याच मजकुरात ‘या पेशी आईचं हृदय बरं करतात’ असं ठणकावून लिहिलंय. गर्भपेशी आईच्या इजा झालेल्या हृदयाकडे गेल्या आणि तिथे हृदयपेशींत बदलल्या, हे दिसलं ते गाभण उंदरींमध्ये. ताई, ग्रुपवर पुढे पाठवाल तेव्हा तेवढा ‘उंदरींमध्ये’ शब्द घाला.