छोटी ग्रामपंचायत गावातला धंदा-रोजगार कसा वाढवू शकते?

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका गावात पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होते, त्या अनुभवावरून सांगते. कारखान्याच्या मागे धावण्याआधी आपला आठवडी बाजार नीट पाहा.

आमच्याकडे बाजार वसुलीचा दरवर्षी लिलाव व्हायचा. जास्त बोली लावणारा ठेकेदार मग टोपलीभर वांगी घेऊन बसलेल्या बाईकडूनही मनाला येईल तेवढे पैसे घ्यायचा, पावती नाहीच. पावसाळ्यात नुसता गारा, म्हणजे चिखल. एका आजीचा सांबार, म्हणजे कोथिंबीर, भिजून काळा पडला. "बसू कुठी बाई?" एवढंच तिनं मला विचारलं. पुढचे दोन बाजार ती आलीच नाही. बाजारातून परत जाताना ती तेल-मीठ आमच्याच गावातल्या दुकानातून न्यायची, चक्कीवर दळण टाकायची. तेही थांबलं.

ग्रामसभेत भांडून आम्ही ठराव घेतला: वसुलीचे दर फलकावर लिहायचे, टोपलीवाल्यांना वसुली माफ. मग ओटे आणि वर टिनाचं शेड. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होता. नाली आणि पिण्याचं पाणी त्यातून झालं, ओटे उरलेल्या अबंधित 40 टक्क्यांतून. गावाच्या विकास आराखड्यात कामाचं नाव नसेल तर पैसा मिळत नाही, हे आधीच लक्षात ठेवा. लिलावाची बोली उतरली, पण बाजार भरू लागला. माझ्या मते हा सौदा पंचायतीच्या फायद्याचाच आहे.

गावात मामा तलाव (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातला तलाव) असेल तर मासेमारी खरंच ढिवर समाजाची संस्था करते की तिच्या नावावर बाहेरचा व्यापारी, तेही तपासा.

जंगल लागून असेल तर गडचिरोलीतलं मेंढा-लेखा बघून या. 2006च्या वनहक्क कायद्याखाली त्यांना 2009मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू गावाबाहेर न्यायचा परवाना वनखात्याच्याच हाती होता. एप्रिल 2011मध्ये परवान्याचं पुस्तक ग्रामसभेकडे आलं, तेव्हा कुठे गाव आपला बांबू स्वतः विकू लागलं. हा हक्क ग्रामसभेचा आहे, सरपंचाचा नाही. आमच्यासारख्या सदस्यांनी तिथं मदतीला उभं राहायचं, मधे पडायचं नाही.

तुमच्या बाजाराचा लिलाव मार्चमध्ये होत असेल तर 26 जानेवारीच्या ग्रामसभेतच अटी वाचून दाखवायला सांगा. बाजारात बसणाऱ्या बायांना सोबत घेऊन जा.