कोऱ्या चेकवरून नोटीस आली आहे. भावाचे घर गहाण ठेवून सगळे फेडू का?

प्रश्न : मी खासगी कंपनीत नोकरी करते. तीन वर्षांपूर्वी घरातल्या आजारपणासाठी बँकेचे चार लाखांचे वैयक्तिक कर्ज काढले. हप्ता झेपेना म्हणून क्रेडिट कार्डे वापरली, कार्डांचे बिल भरायला ॲपवरून 30 हजार घेतले आणि शेवटी ओळखीच्या एका गृहस्थांकडून महिना पाच टक्क्यांनी एक लाख घेतले. त्यांनी माझ्या सहीचे तीन कोरे चेक ठेवून घेतले. चौदा महिने दरमहा पाच हजार दिले. पहिले पाच महिने रोख, पुढचे नऊ महिने यूपीआयने त्यांच्या पत्नीच्या खात्यावर. पावती एकही नाही. नंतर दोन महिने चुकले, तर त्यांनी एका चेकवर अडीच लाखांचा आकडा घालून तो बँकेत टाकला. चेक परत गेला आणि सहा दिवसांपूर्वी वकिलाची नोटीस आली. ॲपवाले भावाला आणि ऑफिसातल्या लोकांना फोन करतात. बँकेचे दोन हप्ते थकलेत. भाऊ म्हणतो, त्याचे घर गहाण ठेवून सगळे एकदम फेडून टाकू. पोलिस मला पकडून नेतील का? चूक माझीच आहे, पण आता काय करू?

उत्तर : ताई, आधी दोन गोष्टी सांगतो. नोटीस आली म्हणून पोलिस तुम्हाला पकडून नेणार नाहीत. आणि भावाचे घर गहाण ठेवू नका, निदान हे उत्तर पुरते वाचेपर्यंत तरी नको.

ॲपवाल्यांच्या फोनने तुम्ही जास्त घाबरला असाल, आणि नोटिशीला पत्रात मिळाली आहे जेमतेम एक ओळ. ते स्वाभाविक आहे. जो दिवसातून दहा वेळा फोन करतो, त्याचीच भीती जास्त वाटते. पण कायद्याच्या दृष्टीने तुमच्या चार देण्यांतले सर्वांत तातडीचे देणे त्या नोटिशीतले आहे. बाकी तिन्ही ठिकाणी तुम्हाला महिना-दोन महिने मिळू शकतात. इथे नऊ दिवस उरले आहेत.

चेक न वटण्याचा गुन्हा परक्राम्य संलेख अधिनियम, 1881 च्या कलम 138 मध्ये येतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण नोटीस हातात पडल्यापासून 15 दिवस कायदा तुम्हाला देतो. त्या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात समोरच्याला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार दाखल करता येते. मग समन्स येते. गुन्हा जामीनपात्र आहे आणि केव्हाही तडजोडीने मिटवता येतो. खरी अडचण तारखांना गैरहजर राहिल्याने होते, कारण तेव्हा वॉरंट निघते. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, त्यांनी अशा नोटिशीचे पाकीट न फोडता कपाटावर ठेवून दिले होते. पुढे समन्स आले, त्यालाही ते गेले नाहीत. वॉरंट घेऊन हवालदार दाराशी आला तेव्हा ते पाकीट घेऊन ते माझ्याकडे आले. आत मागितलेली रक्कम त्यांना सहज देता आली असती. तुम्ही पाकीट उघडले आणि पत्र लिहिले, ही मोठी गोष्ट आहे.

आता, "चेक कोरा दिला होता" एवढाच बचाव पुरणार नाही. आपण स्वेच्छेने सही करून दिलेल्या कोऱ्या चेकवर दुसऱ्याने रक्कम भरली, तरी तो देण्यापोटीच दिला असे न्यायालय आधी गृहीत धरते. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हे स्पष्ट केले आहे. ते गृहीतक खोडून काढण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. मात्र त्यासाठी कडेकोट पुरावा लागत नाही, तुमची बाजू अधिक संभवनीय आहे एवढे दाखवता आले की पुरे. 2022 मध्ये त्याच न्यायालयाने असेही सांगितले की चेक दिल्यानंतर काही रक्कम फेडली असेल, तरी ती वजा न करता पूर्ण रकमेचा चेक वटवायला टाकला, तर तो गुन्हा होत नाही. वटवण्याच्या दिवशी देणे जेवढे शिल्लक असेल तेवढ्याचाच विचार होतो.

म्हणून तुमचे बँक स्टेटमेंट काढा आणि शांतपणे बसा. त्यात एक लाख जमा झाल्याची नोंद असेल, तर त्या गृहस्थांनी किती दिले याचा तो सर्वांत चांगला पुरावा. मग त्याच पानांवर पाच-पाच हजारांच्या नऊ नोंदी सापडतील, सगळ्या एकाच खात्याकडे गेलेल्या, बहुधा महिन्याच्या त्याच आठवड्यात. प्रत्येक नोंदीसमोर पेन्सिलने खूण करा. यूपीआय ॲपमध्ये त्या त्या व्यवहारावर टिचकी मारली की व्यवहार क्रमांक आणि तुम्ही लिहिलेला शेरा दिसतो. तुम्ही कधी "व्याज" असा शब्द लिहिला असेल तर तो आज सोन्यासारखा आहे. "तारीख झाली, पाच पाठवा" अशा अर्थाचे त्यांचे व्हॉट्सॲप मेसेज असतील तर फोन बदलण्याआधी, फॉरमॅट करण्याआधी जपून ठेवा. पावती नाही म्हणून तुम्ही हताश झालात, पण पावती तुमच्या खिशातल्या फोनमध्येच आहे. रोख दिलेले पाच हप्ते सिद्ध करणे कठीण जाईल. तरी त्या दिवशी एटीएममधून पाच हजार काढल्याच्या नोंदी असल्या तर त्याही जोडा.

आता व्याजाचे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 नुसार व्याजाने पैसे देण्याचा धंदा करायला परवाना लागतो. शेतकरी नसलेल्या कर्जदाराला विनातारण दिलेल्या कर्जावर परवानाधारक सावकारालाही वर्षाला 18 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. तुम्ही देत होता वर्षाला 60 टक्के. पूर्ण एक लाखावर सोळा महिन्यांचे 18 टक्क्यांनी 24 हजार होतात. एक लाख चोवीस हजारांतून तुम्ही दिलेले सत्तर वजा केले की राहतात 54 हजार. घटत्या शिलकीवर हिशेब मांडला तर त्याहूनही कमी. अडीच लाख कुठून आले, हे त्यांना सांगावे लागेल. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. परवाना आहे की नाही याची चौकशी तुमच्या तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करता येते, तक्रारही तिथेच किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे. मात्र एकदाच कोणाला अडीअडचणीला पैसे देणे म्हणजे सावकारी नव्हे. त्यांचा तो धंदा आहे, इतरांनाही ते असेच देतात, हे दाखवावे लागेल. तसे दुसरे कर्जदार माहीत असतील तर नोंद करून ठेवा.

या नऊ दिवसांत वकिलामार्फत नोटिशीला लेखी उत्तर द्या, स्पीड पोस्टने, पोचपावती ठेवून. त्यात खरे तेच लिहा : एक लाख घेतले, चेक तारण म्हणून कोरे दिले, सत्तर हजार असे असे दिले, तारीखवार. खोटे एकही वाक्य नको. उरलेल्या दोन चेकचे क्रमांक लिहून ते परत मागा आणि बँकेलाही त्या दोन चेकचे पैसे थांबवण्याचे पत्र कारणासह द्या. पैसे थांबवल्याने तुम्ही आपोआप सुटत नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या नोटिशीआधीच तुमचे म्हणणे कागदावर येते. तडजोड करायची असेल तर "माझे हक्क अबाधित ठेवून" असे लिहून हिशेबाने निघणारी रक्कम बँकेमार्फत देऊ करा. बदल्यात तिन्ही चेक आणि "येणे बाकी नाही" असे लेखी घ्या. रोख एक रुपयाही देऊ नका आणि नवा कोणताही कागद सही करून देऊ नका. वकिलाच्या फीची चिंता असेल तर लक्षात ठेवा, विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 खाली स्त्रियांना उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातच त्यांचे कार्यालय असते, हेल्पलाइन 15100.

बँकेकडे या आठवड्यातच जा. हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खाते अनुत्पादित (एनपीए), म्हणजे बँकेच्या लेखी थकीत, ठरते आणि मग शाखेतल्या माणसाच्या हातात फार काही राहत नाही. हप्ता कमी करून मुदत वाढवण्याचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या. आणखी एक, जे बहुतेकांना माहीत नसते : खात्यातून आपोआप वळता होणारा हप्ता शिल्लक नसल्याने परत गेला, तरी 2007 च्या पेमेंट कायद्याच्या कलम 25 खाली चेकसारखाच गुन्हा होऊ शकतो. त्यामुळे झेपणार नसेल तो हप्ता दर महिन्याला बाउन्स होऊ देण्यापेक्षा आधी बोलून बदलून घ्या. तुमचा पगार त्याच बँकेत जमा होत असेल तर थकबाकीपोटी ती रक्कम बँक वळती करू शकते, हेही ध्यानात ठेवा. कार्डांवर नुसते "किमान देय" भरत राहण्याऐवजी थकलेल्या रकमेचे हप्ते पाडून मागा, आणि कार्ड वापरणे आजपासून बंद. ठरावीक रकमेत "सेटलमेंट" करून देतो म्हणणारा कोणी भेटला तर घाई नको. सेटलमेंटची नोंद पतअहवालात "बंद" अशी न होता "सेटल्ड" अशीच राहते.

ॲपच्या फोनबद्दल. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे वसुलीचा फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करता येत नाही, आणि नातेवाइकांना, सहकाऱ्यांना गाठून बदनामी करणे तर मुळीच चालत नाही. कर्जाच्या करारात मूळ बँक किंवा वित्तसंस्थेचे नाव असते. तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला कॉल नोंदींसह लिहा. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार विनाशुल्क आहे. धमकी आली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 351 खाली पोलिसांत तक्रार. फोटो बिघडवून पाठवले तर सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर, 1930 वर, लगेच. कर्ज मात्र यामुळे माफ होत नाही, ते फेडायचेच.

आता भावाचे घर. तुमचे आजचे एकही देणे घरावर चढलेले नाही. बँक, कार्ड, ॲप, तिघांनाही दिवाणी दावा लावावा लागेल. उद्या हुकूमनामा झाला तरी पगारातले पहिले 1000 रुपये आणि उरलेल्यातला दोन तृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित असतो, भविष्य निर्वाह निधीला हात लागत नाही, आणि ऐपतच नसलेल्याला केवळ कर्जापायी दिवाणी कैदेत टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्येच सांगितले आहे. घर गहाण ठेवले की हे सारे संरक्षण तुम्ही आपल्या हाताने सोडता. 2002 च्या सरफेसी कायद्याखाली खाते अनुत्पादित झाल्यावर 60 दिवसांची नोटीस देऊन बँक न्यायालयात न जाता घराचा ताबा घेऊ शकते. धोका तुमच्या पगारावरून सरकून भावाच्या मुलांच्या छपरावर जातो.

मी स्वतः वकिलीच्या सुरुवातीच्या काळात एका मित्राला जामीन राहिलो होतो. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, हे करार कायद्याचे कलम 128 मी तोंडपाठ म्हणू शकत होतो, तरी सही केली, कारण नाही म्हणायला जीभ रेटली नाही. पुढची चार वर्षे मी ते हप्ते भरले. पैसे फिटले, पण मैत्री उरली नाही. भावाला मदत करायचीच असेल, तर त्याला म्हणा, तडजोडीच्या पन्नास-साठ हजारांसाठी हातउसने दे, तेही बँकेतून, चिठ्ठी लिहून. आणि तुमच्यासोबत त्या वकिलाकडे ये.

तुम्ही लिहिता, चूक माझीच आहे. आजारपणात पैसे उभे केले, ती चूक नव्हती. एक देणे भागवायला दुसरे काढले आणि घरात कोणाला सांगितले नाही, तिथे गाडी घसरली. आता भावाला माहीत आहे, म्हणजे निम्मे ओझे उतरले आहे.

उद्या सकाळी निघताना नोटीस ज्या पाकिटातून आली ते पाकीटही सोबत न्या. त्यावरचा पोस्टाचा शिक्का आणि तुम्हाला ते मिळाल्याची तारीख, पंधरा दिवस तिथूनच मोजायचे आहेत.