रविवारच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, बायबलमधलं पहिलं वाचन करणार आहेस ना

घाबरू नकोस गं, छान होईल. वाचन शुक्रवारीच घरी काढ आणि मोठ्याने वाच, मनातल्या मनात वाचून काही कळत नाही, एखादं अवघड नाव आलं की जीभ अडखळतेच. नवीन मुलं सगळी इथेच चुकतात, भरभर उरकतात. शेवटच्या बाकावरच्या आजींना नीट ऐकू गेलं पाहिजे, कारण ते देवाचं वचन आहे, एवढंच धरून चाल.

रविवारची वाचनं 3 वर्षांच्या चक्राने येतात, दर वर्षी वेगळी, त्यामुळे भलतंच पान उघडू शकतं, खूण आधी लावून ठेव. मोबाईलवरून नको, चर्चमधल्या वाचनांच्या ग्रंथातूनच वाच.

घोडबंदरहून येतेस, तर ट्रॅफिक धरून 20 मिनिटं आधी पोच आणि माइक बघून घे. स्तोत्र गायचं वगैरे नंतर बघू.